घर नंबर अठ्ठावीसची ओळख

वेबसाइटला कुलूप लावणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे, आणि त्यात मला कोणी काही शिकवावं अशी गरज नाही. भंडाऱ्यात बसस्टँडच्या मागे, झेरॉक्सच्या दुकानावर माझं ऑफिस आहे. एक टेबल, तीन खुर्च्या आणि थंड कमी, आवाज जास्त करणारा कूलर. बाबा जवाहरनगरच्या फॅक्टरीत होते, त्यामुळे पास दाखवल्याशिवाय गेटच्या आत सोडत नाहीत, हे मी बाराखडीच्या आधी शिकले. कोचिंग क्लासचे व्हिडिओ असोत की एखाद्या संघटनेचे कागद, सभासद असाल तर आत, नसाल तर बाहेर. यात भानगड नसते.

आनंदराव काका मार्चमध्ये आले, भर दुपारी. सत्तरीचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. जयभीम घालून बसले आणि पाणी पिऊन कामाचं बोलले. त्यांचं गाव डोहटोली गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं होतं. पुनर्वसनात प्लॉट चिठ्ठ्या टाकून मिळाले, म्हणून कोणाचा शेजारी कोणाजवळ राहिला नाही. अर्धे लोक तर नागपूरलाच निघून गेले. पण गाव सोडण्याआधी तिथल्या सुगत मास्तरांनी घरोघरी फिरून मोबाइलवर आवाज टिपले होते. कोणाच्या अंगणातलं भांडण, कोणाची म्हैस, कोणाचं भजन. ते सगळं वेबसाइटवर टाकायचं होतं, फक्त गावच्या लोकांसाठी.

"सगळ्यांना एक पासवर्ड देऊन टाकू?" मी विचारलं.

"पासवर्ड कायले? तो तं कोनीबी कोनाले सांगन," काका म्हणाले. "आमच्या गावात सोयरीक पाहाले कोनी आलं का बाजूच्या दोन घरी पुसत होते. डाव्या अंगाले आन् उजव्या अंगाले. दोघंबी होय म्हनले तं मानूस खरा. तसंच कर, पोरी."

मला ते एकदम पटलं. दोन दिवसांत मी बसवून दिलं. कोणी सभासद व्हायला अर्ज केला की त्याच्या जुन्या दोन्ही शेजाऱ्यांच्या फोनवर प्रश्न जाणार आणि खाली दोन बटणं असणार, 'ओळख आहे' आणि 'ओळख नाही'. दोघांनी ओळख दिली तरच दार उघडणार. कुठेही फट नव्हती, छातीठोकपणे सांगते.

पहिल्याच आठवड्यात चाळीसेक घरं आत गेली. बाया फोन करून रडायच्या, मला आशीर्वाद द्यायच्या. मी तर हवेतच होते.

अडकले फक्त काका. त्यांचं घर सत्तावीस नंबरचं. सव्वीस नंबर सुगत मास्तरांचा, त्यांनी मिनिटभरात ओळख दिली. अठ्ठावीसमध्ये शकुनबाई नावाची एकटी म्हातारी राहायची आणि तिचा फोन नंबर काकांनी दिलेल्या गावच्या यादीत नव्हताच. काकांना आत जायचं होतं ते एका आवाजासाठी. त्यांची बायको पंचफुला गाव सोडल्यावर दोन वर्षांनी वारली. तिचा आवाज जगात तेवढाच उरला होता, तीन मिनिटांचा. मास्तरांचा पेनड्राइव्ह माझ्या ड्रॉवरमध्ये पडला होता. आता लावून देते म्हटलं, तर काका चिडले.

"चोरून आयकू का माह्याच बायकोले? नियम मीच केला. आत जाईन तं ओळखीनं जाईन."

"मग शकुनबाईंना शोधू या ना."

त्यांनी एक पेन काढलं, पाहिलं, परत खिशात ठेवलं. "करडी गावाले गेली होती. पोरीकडं. आता असन का नसन, मले का मालूम."

मंगळवारी दुपारी सव्वाबाराला अर्ज आला. शकुनबाई, घर नंबर अठ्ठावीस. मोबाइल नंबरची जागा कोरी.

माझं डोकंच सटकलं. नंबर टाकल्याशिवाय तो फॉर्म पुढे सरकतच नाही, मीच बनवलाय! मी स्वतः अकरा वेळा कोरा पाठवून पाहिला, अकराही वेळा लाल अक्षरं आली. अर्ज कुठून आला हे मागच्या नोंदीत दिसतं, म्हणून ती उघडली. तिथेही कोरं. चुकीच्या नोंदी मी ढिगाने पाहिल्या आहेत, कोरी कधी पाहिली नव्हती. कोणीतरी मस्ती करून राहिलं आहे, असं मी स्वतःला मोठ्याने सांगितलं.

तेवढ्यात शकुनबाईंच्या दुसऱ्या बाजूच्या, एकोणतीस नंबरच्या कुसुमताईंनी 'ओळख आहे' दाबलं. मी लगेच त्यांना फोन लावला. त्या आता करडीलाच राहतात.

"शकुनबाईचं नाव आलं, म्हनून दाबलं," त्या म्हणाल्या. "काहून? मी तिले ओळखत नाही का?"

"त्या तिथेच असतात ना, पोरीकडे?"

"तिले कोठची पोरगी, बाई? दहा वर्सं झाले मी करडीत आहो. शकुनबाई कधी आलीच नाही इकडं." मग आवाज बारीक झाला. "करडीचं नाव तं आनंदरावनं लिवलं होतं."

आपला अर्ज सुटला का ते पाहायला काका रोज तीनला यायचे, तसे आले. त्यांच्याही फोनवर प्रश्न येऊन पडला होता. शकुनबाई, घर नंबर अठ्ठावीस, ओळखता का? त्यांनी फोन टेबलावर उलटा ठेवला होता.

"काका, त्या करडीला गेल्याच नव्हत्या."

ते कूलरकडे वळले. माझ्याकडे न पाहता बोलले.

"कोनतं घर रिकामं झालं ते लिवून द्याचं काम माह्याकडं होतं. शेवटचा ट्रॅक्टर उभा होता. पंचफुला म्हने, शकुनबाईले घ्या, तिले घेतल्याबिगर मी चढत नाही. मी दारातून दोन हाका मारल्या. कडी लागली होती."

"बाहेरून?"

"आतून."

मी माउसवरचा हात काढला.

"लोकं बोंबलून राहिले होते. पानी शिवारात आलं होतं. मी लिवलं, करडीले गेली. पंचफुलाले बी तेच सांगतलं." त्यांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. "ट्रॅक्टर हालल्यावर तिनं पाह्यलं, भायेरून कडी नव्हतीच. मंग दोन वर्सं रांधे, वाढे. माह्याशी बोलली नाही. मरेपर्यंत नाही."

मला त्यांची कीव आली आणि रागही आला. पण मी कामाची बाई आहे, हातात अर्ज आहे म्हणजे तो निकाली काढायचा. मीच म्हणाले, "काका, हे कोणीतरी तुम्हाला छळायला करतंय. 'ओळख नाही' दाबा. मी अर्ज उडवून टाकते." हे मीच म्हणाले, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

काकांनी फोन सरळ केला.

त्यांनी 'ओळख नाही' दाबलं.

त्याच क्षणी माझ्या स्क्रीनवर त्यांच्या स्वतःच्या अर्जाची ओळ हिरवी झाली.

घर नंबर अठ्ठावीस, ओळख आहे.

मी कशालाही हात लावला नव्हता. सांगते ना, नव्हता लावला!

काकांना दुसरं काही दिसतच नव्हतं. दार उघडलं एवढंच त्यांनी पाहिलं. त्यांनी स्वतः माउस ओढून घेतला आणि सत्तावीस नंबरवर क्लिक केलं.

सूप वाजायला लागलं. धान पाखडत पंचफुलाबाई काहीतरी गुणगुणत होत्या. काकांनी डोळे मिटले, त्यांची हनुवटी हलायला लागली. साइटवर टाकताना हे मी पूर्ण ऐकलं होतं. गुणगुणणं झालं की त्या हसतात, मास्तरांना 'बंद करा ना जी' म्हणतात, आणि संपतं.

त्या हसल्या नाहीत.

सूप थांबलं.

"कोन हाय जी दारात?" त्यांनी विचारलं.

मी कूलर बंद केला.

काकांचे ओठ दोनदा हलले. "मी," ते म्हणाले.

"मी म्हंजे कोन?"

"मी आनंदराव, पंचफुला. मी आहो."

आत आणखी कोणीतरी खोकलं. म्हातारं, ओलं खोकणं.

पंचफुलाबाईंचा आवाज त्या बाजूला वळला. "शकुनबाई, तुमी ओळखता का यायले?"

"हो," आतून उत्तर आलं.

"मी नाही ओळखत," पंचफुलाबाई म्हणाल्या, आणि सूप पुन्हा वाजायला लागलं.