दोनशे बारा वलये

परभणीच्या दवाखान्यातल्या, पेशी वाढवायच्या ऊतीशाळेत काचेच्या पेटीत एक दुधाळ रंगाचा पापुद्रा चिमट्यांनी ताणून धरला होता. ओढला की तो विरळ होई, आणि आता फाटतो असे वाटताच त्याच्यातले तंतू एकमेकांत गुंतून घट्ट होत. डॉ. नीलाक्षी देवणीकरांनी चिमटे शेवटच्या खाचेपर्यंत नेले. पापुद्रा फाटला नाही.

त्याला त्यांनी रक्षापटल म्हटले होते. बाईच्याच पेशींपासून ते वाढवायचे आणि योनिमार्गाच्या आत बसवायचे. महिन्याभरात ते अंगाचाच भाग होई, मग वेगळे काढता येत नसे. नवऱ्याच्या बळजोरीने होणाऱ्या ज्या जखमांसाठी बायका तोंड लपवत दवाखान्यात येत, टाके घालून घेत आणि चार महिन्यांनी पुन्हा येत, त्या जखमाच आता होणार नव्हत्या.

शेजारी कोंडाबाई उभ्या होत्या. दवाखान्यात परिचारिका म्हणून त्यांची तीस वर्षे अशा टाक्यांपाशीच गेली होती. त्यांनी विचारले, "दुखायचं थांबल का, मॅडम?"

"नाही. वेदनेच्या नसांना मी मुद्दाम हात लावला नाही. वेदना ही शरीराची हाक आहे. तीच बंद केली तर बाई थांब कधी म्हणणार?"

"म्हणल की. ऐकल कोण?" कोंडाबाई पेटीकडे बघत म्हणाल्या. "घरात दुखणं कुणी मानत नाही, मॅडम. जखम मानत्यात."

डॉक्टरांनी ते हसण्यावारी नेले. नवऱ्यांना शिकवण्याचे खाते आपले नव्हे, असे त्या म्हणाल्या.

कोंडाबाई बोलल्या त्यामागे एक चिठ्ठी होती. टाके पडले की त्या दवाखान्याच्या गुलाबी कागदावर लिहून देत: पंधरा दिवस अंथरूण वेगळे. बायका ती चिठ्ठी घरी नेऊन कॅलेंडरच्या खिळ्याला टोचत. बाईच्या तोंडचा नकार कोणी मानत नसे, पण शिक्का मारलेला कागद मानत. सासू स्वतः मुलाची पथारी बाहेरच्या खोलीत टाकी.

तीन वर्षांत रक्षापटल गावोगाव पोचले. सोयरिकीच्या बैठकीत मुलाकडचेच विचारू लागले, बसवलंय का. टाक्यांची खोली बंद झाली आणि तिथे डॉक्टरांनीच आखलेले तपासणीयंत्र आले. चिठ्ठी आता यंत्रच छापी, आणि इजा दिसली तरच छापी.

वैजंता आली ती त्या काळात. पूर्वी वर्षातून तीनदा तिला टाके पडत; पटल बसवून आता वर्ष झाले होते. चौतीस वर्षांची ती बाई यंत्रावरून उतरली तेव्हा कागदावर दोनच शब्द होते: इजा शून्य.

"काढून टाका हे," ती म्हणाली. निघत नाही, डॉक्टरांनी सांगितले. वैजंता म्हणाली की दुखते तसेच दुखते, पण आता सासू म्हणते, कागदावर काही नाही, नखरे करू नकोस.

त्या दिवशी डॉक्टरांनी तिच्या पटलाचा कणभर तुकडा भिंगाखाली धरला. पटल घट्ट झाले की तंतूंवर एक बारीक वलय उरते, झाडाच्या खोडात वर्षाचे उरते तसे. त्यांनी वलये मोजली. एका वर्षात दोनशे बारा. त्यांच्या मनात प्रथमच आशा आली. एक वलय म्हणजे एक होऊ घातलेली जखम. हीच ताणनोंद धरून चिठ्ठी द्यावी, असे त्यांनी आरोग्य समितीला सविस्तर लिहिले.

समितीचे उत्तर आठ दिवसांत आले. एकाच महिलेच्या दोनशे बारा जखमा टळल्या, याबद्दल अभिनंदन. हा आकडा प्रचारफलकावर घ्यावा. जखमच होत नसेल, तर विश्रांतीची चिठ्ठी कशासाठी? ती पद्धत सर्वत्र बंद करावी.

कोंडाबाईंनी ते पत्र दोनदा वाचायला लावले. मग म्हणाल्या, "हाताला घट्टा पडला म्हणून कुणी कामाची सुटी देतं का, मॅडम?" आणि गुलाबी कागदांचा उरलेला गठ्ठा कपाटात तळाशी ठेवून दिला.

पावसाळा सरता सरता वैजंता पुन्हा आली. बरोबर तिची धाकटी बहीण होती, कावेरी. वय सव्वीस, लग्न ठरलेले. कोंडाबाईंना वाटले, पटल बसवायला आणली.

"हिला बसवू नका," वैजंता म्हणाली.

"अगं, जखमा होतील हिला," डॉक्टर म्हणाल्या.

"होऊ द्या. टाक्याचे पंधरा दिवस तरी हिचे ऱ्हातील."

चिठ्ठीची पद्धतच आता उरली नाही, हे तिला कसे सांगावे ते डॉक्टरांना कळेना. त्या कावेरीकडे वळल्या आणि तिला स्वतःला काय हवे ते विचारले.

कावेरी गोंधळली. सासरचे बसवून घे म्हणत होते, ताई नको म्हणत होती; तिला कोणी विचारले नव्हते.

"मॅडम," ती म्हणाली, "ती चिठ्ठी जखम व्हायच्या आधी नाही का मिळत?"

डॉक्टरांनी यंत्राकडे पाहिले. त्यात फक्त इजेचा रकाना होता, बाईच्या म्हणण्याचा नव्हता. त्यांनीच तो ठेवला नव्हता.