यमुनाबाईंचं यीस्ट

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या जैवतपासणी केंद्रात यमुनाबाई घाटगे अकरा दिवस अडकून पडल्या होत्या. मंगळावरच्या वसाहतीत सव्वीस वर्षं स्वयंपाकघर सांभाळून त्या घरी निघाल्या होत्या. साताऱ्यात त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली होती. अडवलं होतं ते त्यांच्या आतड्यातल्या यीस्टनं. मंगळावर पाव फुगवायला वापरायचे, तेच हे यीस्ट.

"पृथ्वीवरच्या पावाच्या यीस्टशी डीएनए शहाण्णव टक्केच जुळतोय," डॉ. रेवती चौगुले म्हणाली. "नव्याण्णवच्या खाली गेला की वेगळी प्रजाती."

"आणि यादीत नसलेली प्रजाती पृथ्वीवर उतरवता येत नाही," केंद्रप्रमुख डिमेलो म्हणाले. "औषधानं जाणार नाही?"

"तीनदा दिलं, सर. पुन्हा वाढतं."

"मग त्यांना परत पाठवावं लागेल. तुम्हीच त्यांना सांगा."

रेवती यमुनाबाईंच्या खोलीच्या काचेपाशी गेली. यमुनाबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"पण डॉक्टरबाई, ते बदललं कधी? पहिल्या यानातून सुक्या यीस्टचा साठा आला होता, अजून तोच चाललाय. दर वेळी नवी पुडी फोडायची."

रेवती थबकली. सुकं यीस्ट निद्रिस्त असतं. पेशी विभागत नाहीत, मग डीएनए बदलणार कसा? दोन यीस्टमध्ये अंतर किती, एवढंच तुलनेनं सांगितलं होतं. त्यातलं बदललं कोणतं, हे नाही.

ज्या नमुन्यावरून पावाच्या यीस्टला पहिल्यांदा नाव दिलं गेलं, तो मूळ नमुना पृथ्वीवरच्या संग्रहालयात गोठवून ठेवलेला होता. रेवतीनं त्याच्या डीएनएचा आराखडा मागवला आणि दोन्ही यीस्ट त्याच्याशी ताडून पाहिली.

"यमुनाबाईंचं नव्याण्णव पूर्णांक सहा," ती डिमेलोंना म्हणाली. "आपलं, पृथ्वीवरचं, शहाण्णव. कारखाने यीस्ट सुधारत गेले, आणि तेच सगळीकडे पसरलं."

डिमेलोंनी आकडे पडताळून पाहिले. "प्रजातीचं नाव जातं मूळ नमुन्याबरोबर. म्हणजे यादीत आहे ते त्यांचं यीस्ट."

"हो, सर."

"सोडा त्यांना."

दार उघडलं तेव्हा यमुनाबाई पिशवी घेऊन उभ्याच होत्या. "माझं काही चुकलं होतं का?"

"नाही, मावशी. तुम्ही घरी जा."

मग रेवतीनं कारखान्यांच्या यीस्टसाठी नव्या प्रजातीच्या नोंदीचा अर्ज उघडला. 'आढळ' या रकान्यात तिनं 'पृथ्वी' असं लिहिलं. पुढचा रकाना होता, 'पृथ्वीवर प्रवेशास परवानगी'. तिथं संगणकानं नियमाप्रमाणे 'नाही' असं भरलं.