तळ्याकाठची शिस्तबद्ध बेशरम

यंत्रमानव तेव्हा अजून जरा मठ्ठच होते, त्या काळातली ही गोष्ट. भंडाऱ्याकडच्या एका तळ्यावर असाच एक होता. पोरांनी त्याचं नाव ठेवलं होतं खेकडू. अख्खा उन्हाळा त्यानं आणि गावातल्या ढीवरांनी (मासेमारांनी) मिळून तळ्यातली बेशरम (बाहेरून येऊन इथल्या वनस्पतींची जागा बळकावणारं गुलाबी फुलांचं झुडूप) मुळासकट उपटली. आणि पाऊस सरतो न सरतो तोच काठावर बेशरमबाई पुन्हा हजर, तीही चक्क ओळीत!

"मूळ गेलं की झाड गेलं," खेकडू हटून बसला. "माझं गणित चुकत नाही."

"तुझं गणित बुडालं तळ्यात," पतिराम आजोबा म्हणाले.

त्यांच्या लहानपणी या तळ्यात देवधान (पाण्यात आपोआप उगवणारं रानधान) डोलायचं आणि त्याच्या आडोशाला मासे अंडी घालायचे. आजोबा ते सांगू लागले की त्यांच्या नातीला, चित्राला, अगदी हेवा वाटायचा. बेशरमेनं देवधान संपवलं, मासळी आटली, आणि चित्राचे बाबा कामासाठी नागपूरला गेले. पुढच्या पावसातही मासळी आली नाही, तर ते आईला आणि तिलाही घेऊन जाणार होते. आजोबा मग एकटेच उरले असते.

चित्रा त्या ओळीच्या कडेनं चालत गेली. दोन झुडपं, मध्ये जागा, परत दोन झुडपं. ती जागा बरोबर एका जाळ्याएवढी होती.

"आजोबा, जाळी वाळवायला खुंट्या कशाच्या रोवल्या?"

उपटलेल्या बेशरमेच्या सरळसोट काठ्या सगळ्यांनीच वापरल्या होत्या. इतकी चांगली काठी ढीवराच्या हातून टाकवते कुठली?

खेकडूनं एक काठी उपसून डोळ्याशी धरली. "हे पेर (पान फुटतं तो सांधा). ओल्या चिखलात पेराला नवी मुळं फुटतात. म्हणजे आपण झाडं काढली आणि लगेच लावलीही. मी फक्त मुळंच पाहत बसलो."

मग सगळा गाव काठावर उतरला. खुंट्या निघाल्या, खडकावर कडकडीत वाळल्या, जाळ्यांना बांबू आले. पण चिखल मोकळा राहिला तर बेशरम पुन्हा घुसणार, म्हणून बायांनी शेजारच्या तळ्यातून देवधानाची रोपं आणून रोवणी केली.

पुढच्या पावसात बाबा न्यायला आले. पिशव्या भरून तयार होत्या. चित्रानं त्यांना हाताला धरून पाण्यात नेलं. देवधानाच्या बुंध्यांतून बोटाच्या पेराएवढी माशांची पिल्लं त्यांच्या पायांना ढुशा देत होती. बाबांचे डोळे भरून आले.

"अप्पा," ते म्हणाले, "पलीकडच्या तळ्यात बेशरम हायेच ना अजून? उद्या येता का माझ्यासंगं?"

"येतो ना बाप्पा," आजोबा म्हणाले.