सुनेच्या हातची गोळी

"तापी उलटी वाहील, पण आजपासून मी सुनेच्या हातची गोळी घेणार नाही!" दापोरा गावातल्या आपल्या घराच्या ओसरीवर सुपडूआबा गरजले... आणि गोळी गिळायला पाणी मागितलं, तेही सुनेकडेच. तापी आधीच बहुतेक नद्यांच्या उलट पश्चिमेला वाहते, हे रागाच्या भरात कोणाच्या ध्यानी आलं नाही.

प्रतिभाने पाण्याचा तांब्या पुढे केला. आबांचा प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पोचल्यापासून तिने शाळेतली नोकरी सोडली होती. पहाटे उपाशीपोटी त्यांना गोळ्या द्यायच्या आणि त्यांना खाता येईतो आपणही चहाला शिवायचं नाही, हे व्रत धरलं होतं. रक्तातला पीएसएचा, म्हणजे रोगाचा जोर दाखवणारा, आकडा उतरला, तेव्हा श्रेय गोळीला मिळालं. तो पुन्हा चढला, तेव्हा दोष तिला!

"हिनेच गोळ्या चुकवल्या," आबा म्हणाले... आणि तिचा नवरा भूपेंद्र पंख्याकडे पाहत राहिला, जणू उत्तर तिथेच लिहिलंय.

आबा स्वतःच्या हाताने गोळ्या घेऊ लागले, अगदी गजर लावून. आकडा आणखी चढला!

बुऱ्हाणपूरच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आबा, केळीवरच्या करप्याला सारखं एकच औषध फवारलं तर?"

"निगरगट्ट होतो ना तो, ताई! औषध बदलावं लागतं," आबा तज्ज्ञाच्या थाटात म्हणाले.

"तुमच्या रोगाचंही तेच झालंय. गोळ्या वेळेवर मिळाल्या म्हणून तर इतके दिवस दबून होता."

मग गाठीच्या तुकड्याची जनुकीय तपासणी झाली, त्यात एक दोष सापडला, त्यावरची नवी गोळी सुरू झाली. ती लागू पडेल, असं छातीठोकपणे कोणीच सांगेना. प्रतिभा रोज देवापाशी हात जोडायची. आबा शरमेने तिच्याशी बोलायचेही टाळत.

आज भूपेंद्र मोबाइल नाचवत धावत आला. "उतरला! आबा, आकडा निम्म्यावर आला! गोळी लागू पडली!"

प्रतिभाच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"अगं, अब क्यों रोती है?" म्हणता म्हणता तोही रडू लागला.

आबा उठले, आणि आरडाओरडा ऐकून जमलेल्या भाऊबंदांच्या देखत त्यांनी खाली बसून सुनेचे पाय धरले!

"आबा! मला पाप लावता का?"

"बोलू दे, पोरी... करप्याचं खापर मी कधी मजुरावर फोडलं नाही, आणि या रोगाचं तुझ्यावर फोडलं! क्षमा कर..."

"उठा ना, आबा... माझ्या मनात काही नाही."

आबा उठेनात. केवढा हा पश्चात्ताप! प्रतिभाचं अंतःकरण भरून आलं...

"प्रतिभा," खालून क्षीण स्वर आला, "गुडघे अडकले गं. जरा काखेत हात घाल."