दोन बारीक वायरी

"अहो, दुकानात कशाला नेता? आमची दीपा आयटीतच आहे की!"

गोपाळकृष्णांनी हे वाक्य टाकलं तेव्हा दीपमाला दारात सँडलचा पट्टा सोडत होती. हिंजवडी ते हडपसर, कंपनीच्या बसनं तिचा अर्धा जीव आधीच घेतला होता. उरलेला अर्धा बाबांच्या या वाक्यानं गेला. हॉलमध्ये वरच्या खोलीतला नवा भाडेकरू उभा होता. लॅपटॉप दोन्ही हातांनी छातीशी धरलेला, थंडीनं नाकाचा शेंडा लाल झालेला, आणि डोळे... छे, डोळ्यांकडे बघायलाच नको होतं.

"मॅडम, मी आयुष. याचं वायफायचं कार्ड गेलं. नवं आणलंय मी," तो म्हणाला. "बसवून द्याल काय जी?"

त्या 'जी'नं घात केला. दीपमाला आयटीत होती हे खरं, पण तिचं आयटी म्हणजे कानाला हेडफोन लावून दिवसभर लोकांना "एकदा बंद करून चालू करा" असं सांगणं. ते यंत्र आतून कसं दिसतं, हे तिनं कधी बघितलं नव्हतं. बाबांना हे सांगायचं राहूनच गेलं होतं, आणि बाबा तर गल्लीभर मुलीची वाहवा करत फिरत होते.

"देते की," ती म्हणाली. ही जीभ आपलीच का, असा तिला प्रश्न पडला.

हॉलमधल्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं गेलं. बाबांच्या चष्मा दुरुस्तीच्या छोट्या स्क्रू ड्रायव्हरनं तिनं मागचं झाकण उघडलं. आत बोटाच्या पेराएवढं जुनं कार्ड होतं, आणि त्याला एक काळी, एक पांढरी अशा दोन बारीक वायरी चिकटलेल्या. त्या तिनं नखानं उचकटल्या, जुनं कार्ड काढलं, नवं खाचेत सरकवून स्क्रू पिळला. इथवर सगळं छान. पण वायरींच्या टोकांना मोहरीएवढ्या टोप्या होत्या, त्या काही केल्या बसेनात. शेजारी तो इतका जवळ वाकला होता, की त्याच्या शर्टाचा साबणाचा वास येत होता. टोपी पुन्हा निसटली.

"या दोन वायरी?" त्यानं हळूच विचारलं.

"त्या... जुन्या कार्डाच्या. नव्याला लागत नाहीत," दीपमाला म्हणाली, आणि तिनं झाकण लावून टाकलं.

नव्या कार्डाचं सॉफ्टवेअर भरून झालं, लॅपटॉप चालू झाला, आणि नवल म्हणजे स्क्रीनवर घरच्या वायफायचं नाव झळकलं. नाव बाबांनी ठेवलेलं होतं: 'पासवर्ड विचारू नये'.

"फारच प्रेमळ नाव आहे," आयुष हसला. "मग विचारू नको?"

"विचारा. सांगणार नाही... टाइप करून देईन."

टाइप करताना दोघांची बोटं एकाच बटणावर गेली. आणि दोघांनीही ती घाईनं काढून घेतली नाहीत.

पण वर खोलीत गेल्यावर नेटवर्क येईना. राउटर यांच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी. हाताच्या अंतरावर लॅपटॉप पळायचा, जिना चढला की मान टाकायचा. "माझ्या मोबाइलला तर वरही येतंय," आयुष म्हणाला.

"लॅपटॉपचं वेगळं असतं," दीपमालानं ठोकून दिलं.

मग तो रोज संध्याकाळी खाली येऊ लागला. तो मशीनच्या सुट्या भागांची ड्रॉइंग करायचा. जुनं काम संपलं होतं, नवं शोधणं चाललं होतं. टीव्हीजवळच्या स्टुलावर अंग चोरून बसायचा, आई त्याला चहा द्यायची आणि सीरियलचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघायची. दीपमाला समोर पुस्तक उघडून बसायची. पानं उलटायची राहून जायची.

"मॅडम, पुस्तक उलटं आहे."

"मला तसंच वाचता येतं."

"पुण्यात काहीही होऊ शकतं बाप्पा!"

अशा संध्याकाळी चालल्या असताना एकदा बसमध्ये तिनं मोबाइलवर कार्ड बसवायचा एक व्हिडिओ बघितला. त्यातल्या माणसानं त्या दोन वायरी कार्डावर दाबून बसवल्या आणि सांगितलं, की हा अँटेना. हा नसेल तर लॅपटॉपला राउटरच्या कुशीत बसल्याशिवाय काही ऐकू येणार नाही. दीपमालाचे कान तापले. शेजारची बाई झोपली होती तरी तिनं मोबाइल ओढणीखाली लपवला.

आज सांगून टाकायचं, असं ठरवून ती घरी आली. तो स्टुलावर होताच. "या महिन्यात नोकरी नाही जमली, तर गोंदियाला परत," तो सांगत होता. "मामांच्या राइस मिलमध्ये हिशेब लिहायचा. पण तुमच्यामुळे अर्ज तरी जातायत, मॅडम." आणि त्यानं तिच्याकडे असं बघितलं, की तिनं पुन्हा पुस्तकच उघडलं. सांगितलं तर आपण मूर्ख ठरू. आणि वायरी लावल्या तर हा उद्यापासून वरच बसेल... यातलं दुसरं कारणच खरं होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणून तिला स्वतःची जास्तच लाज वाटत होती. ती गप्प राहिली. दुसऱ्या दिवशीही राहिली.

मग तो रविवार आला. आयुषचा ऑनलाइन इंटरव्ह्यू, लॅपटॉपवरची ड्रॉइंग दाखवत बोलायचं होतं. आणि नेमके त्याच वेळी कोथरूडचे पाहुणे दीपमालाला बघायला यायचे होते.

"नाही जी, मी आत नाही बसत. जिन्यात तुमच्या दाराशी बसतो, तिथवर थोडं येतं," आयुष म्हणाला. ते म्हणताना त्यानं तिच्याकडे बघितलं नाही.

पाहुणे आले. जिन्यात टाय लावून बसलेल्या आयुषच्या आजूबाजूला त्यांनी चपला काढल्या. आत पोह्यांच्या बशा फिरल्या. मुलाची आई म्हणाली, "तुझं काम नक्की काय असतं गं?"

"अख्खं नेटवर्क सांभाळते!" उत्तर बाबांनीच दिलं.

त्याच क्षणी दाराबाहेरून आवाज आला. "सर? हॅलो... सर, ऐकू येतंय का? सॉरी सर, नेटवर्कचा प्रॉब्लेम..."

दीपमालाला वाटलं, जमीन दुभंगावी. हातातला ट्रे तिनं बाबांच्या हातात दिला, टीव्हीखालच्या खणातून स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि साडी सावरत ती जिन्यात जाऊन चपलांमध्ये बसली.

"द्या इकडे. किती वेळ आहे?"

"दहा मिनिटांत परत जॉइन व्हा म्हणाले. पण काहून? सिग्नलच—"

"सिग्नल चांगला आहे. मी वाईट आहे." लॅपटॉप बंद करून ती स्क्रू काढू लागली. आता थांबणं शक्य नव्हतं. "त्या वायरी नव्या कार्डालाही लागतात. मला बसवता आल्या नाहीत म्हणून मी खोटं बोलले. मी नेटवर्क वगैरे काही सांभाळत नाही, फोनवर लोकांना बंद करून चालू करायला सांगते. आणि वायरींचं मला कळलं होतं. मागेच. तरी गप्प बसले."

दारात बाबा ट्रे घेऊन उभे होते, त्यांच्यामागे कोथरूड उभं होतं.

"काहून गप्प बसल्या?" आयुषनं विचारलं.

"तुम्ही... आला नसता म्हणून."

कोणीतरी खोकलं. आयुषचा चेहरा उतरला. "मॅडम, रोज तुमच्या घरी यायची मला किती लाज वाटायची, ठाऊक आहे? फुकटचा चहा प्यायचा. माझ्यापायी काकू मुकी सीरियल बघायच्या. जिन्यात येऊन उभा राहायचो, बेल दाबायची हिंमत व्हायची नाही. तुम्हाला ती मजा वाटली."

दीपमालाला आत्ता कुठे कळलं. आपल्या सुखाच्या प्रत्येक संध्याकाळी तो समोर बसून शरमत होता, आणि आपण उलटं पुस्तक धरून हसत होतो! डोळ्यांत पाणी भरलं, वायर दिसेना. तिनं पदरानं डोळे पुसले, पांढरी टोपी नेमकी जागेवर धरली आणि अंगठ्यानं दाबली. टिक. मग काळी. टिक.

झाकण लावून तिनं लॅपटॉप चालू केला, आणि स्क्रीनवर सगळ्या रेघा भरल्या. आयुष लॅपटॉप उचलून वर गेला, आणि दार लागल्याचा आवाज आला.

पाहुणे 'कळवतो' म्हणून गेले. बाबा बराच वेळ पोहे खात बसले. मग म्हणाले, "बरं झालं. लोकांना बंद करायला सांगतेस, कधीतरी माझं तोंडही बंद करायचं होतंस."

त्या संध्याकाळी स्टूल रिकामं राहिलं, दुसऱ्याही. आईनं सीरियलचा आवाज मोठा केला तरी घर ओकंबोकं वाटत होतं. तो येणार नाही, आणि त्यानं का यावं? येणं सगळं त्याच्याच वाट्याला होतं. आपण तो जिना एकदाही चढलो नाही, हे दीपमालाच्या तेव्हा लक्षात आलं.

ती उठली. हातात काही घेतलं नाही, बहाणाही नाही. जिना चढून त्याच्या दारापुढे ती उभी राहिली, हात उचलला, खाली घेतला. पुन्हा उचलला. असं व्हायचं तर त्याला रोज! शेवटी तिनं दार वाजवलं.

आयुषनं दार उघडलं. "काय काम होतं?"

"काही नाही. बसायला आले." तिला मान वर करता येत नव्हती. "तुम्ही इतके दिवस लाजत आलात... आता माझी पाळी. चालेल?"

तो बाजूला झाला. खोलीत एकच खुर्ची होती, ती त्यानं तिच्याकडे सरकवली.

"नोकरी लागली," तो म्हणाला. "इथंच, हडपसरात."

"मग सांगायला का नाही आलात?"

"राग जात नव्हता. आणि राग गेल्यावर... कोणत्या निमित्तानं येऊ, ते सुचत नव्हतं." आता त्याचेही कान लाल झाले होते. "नेटवर्क फुल आहे ना जी."

ती हसली, आणि तोही. मग त्यानं दार सताड उघडं ठेवलं, जिन्यात वाकला आणि खाली हाक मारली, "काका, दीपमाला वर आहे! चहा घेतेय!"

मॅडम नाही, दीपमाला. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

खालून गोपाळकृष्णांचा आवाज आला.

"ऐकू आलं! आम्ही दोघंही वर येतोय. चार कप टाका."