टाक्याच्या पाण्याची विचारपूस

चैत्रातल्या पहाटेचा गारवा कातळगडाच्या बुरुजांवरून ओसरत होता, खाली खोऱ्यातल्या धुक्यातून भगवे निशाण घेतलेली फौज चढण चढत होती, आणि सदरेवर चिटणीस अंतोबापंत पार वैतागून गेले होते.

फौजेच्या पुढे आलेल्या जासुदाने सुभेदार रखमाजीरावांचा खलिता दिला होता. मजकूर सरळ: कुमक पाठवीत आहोत, महादरवाजा उघडून आत घ्यावी, आपल्यासारखा शूर किल्लेदार दुसरा नाही. ते ऐकून किल्लेदार हैबतराव शितोळे मिशीला पीळ देत बसले होते. तलवारीचा पक्का, मनाचा निर्मळ, पण सांगितले तेवढेच ऐकणारा गडी. त्यांना समजावता समजावता पंतांची हयात गेली होती.

"अक्षर सुभेदारांचं ना? शिक्का त्यांचाच ना?" हैबतरावांनी विचारले.

"दोन्ही खरे," पंत म्हणाले. "पण टाक्यात पाणी किती, अंबारात दाणा किती, हे न विचारता सुभेदारांनी आजवर एक तरी पत्र धाडलंय? लेकीच्या लग्नाच्या बोलावण्यातही त्यांनी पाणी विचारलं होतं. आज गनीम मुलखात शिरलाय आणि पाण्याची विचारपूस नाही, वर शाबासकी! हे पत्र त्यांच्याकडून बळजोरीनं लिहून घेतलंय."

"असं कुठं लिहिलंय?"

पंतांनी कपाळावर हात मारला. लिहिता आले असते तर लिहिले नसते का, हे तिसऱ्यांदा सांगायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. सदरेवरच्या मंडळींनी किल्लेदारांचीच री ओढली. पंतांना प्रत्येक गोष्टीत खोट दिसते, असे म्हणून कुणीसे हसलेही. गडावरच्या बायकापोरांचे प्राण दरवाजाच्या एका अडसरावर टांगलेले, आणि ही मंडळी अक्षराचे वळण न्याहाळत होती! अखेर पंतांनी हुज्जत घालून एवढेच पदरात पाडून घेतले की आपण एकट्याने महादरवाजातल्या छोट्या दिंडीतून खाली जावे, फौज पाहावी, आणि आपली हाक आल्यावरच दरवाजा उघडावा.

खाली एकही चेहरा ओळखीचा नव्हता. फौजेच्या मधोमध एक मेणा होता; त्याचा पडदा सरला, तर आत हात बांधलेले सुभेदार आणि त्यांच्या गळ्याशी कट्यार. गनिमाच्या सरदाराने हलकेच बजावले की दग्याचा एक शब्द निघाला तर आधी यांचे शीर उतरेल. पंत दरवाजासमोर उभे राहिले. वर तटावरून हैबतराव वाकून पाहत होते. सारी भिस्त नेमकी याच माणसाच्या डोक्यावर यावी, या विचाराने पंतांना रडू यायचे बाकी राहिले.

"किल्लेदारसाहेब," त्यांनी गोड आवाजात हाक दिली, "माझंच चुकलं. आपल्यासारखा चतुर पुरुष मी पाहिला नाही. सुखानं दरवाजा उघडावा."

हुकमासाठी उचललेला हैबतरावांचा हात तसाच राहिला. पंतांनी आजवर त्यांना कधी चतुर म्हटले नव्हते.

"पंत," ते अखेर म्हणाले, "अडसर अडकलाय. सुतार बोलावतो. जरा दम धरा."

त्या अडसराला कालच पंतांनी कटकट करून तेल घालून घेतले होते. त्यांनी मान खाली घातली, कारण चेहऱ्यावरचा आनंद लपेना.

तेवढ्या वेळात हैबतरावांसह चोरदरवाजातून उतरलेल्या मावळ्यांनी पहिली झडप मेण्याभोवतीच घातली. सुभेदार वाचले, त्यांच्यावर धावलेल्या सरदाराला पंत आडवे झाले आणि तो वार त्यांनी छातीवर घेतला. हैबतरावांनी त्यांचे डोके मांडीवर घेतले तेव्हा थोडी धुगधुगी होती.

"फार वेळ लावलात," पंत पुटपुटले, आणि गेले.

पुढे गडावर खलिता आला की हैबतराव तो दोनदा वाचून घेत आणि नव्या चिटणिसाला विचारीत, "यात काय लिहिलेलं नाही, ते सांगा." नवा चिटणीस गोंधळून कागद उलटासुलटा करी, आणि हैबतराव कपाळावर हात मारून घेत.