एक्केचाळीस रेघा

"कपाट फोडलेलं नाही, किल्लीनं उघडलंय," मृण्मयीनं मदतीला बोलावलेली शामला म्हणाली. "किल्ल्या कोणाकडे?"

"संशोधनातल्या आम्हा चौघांकडेच," मृण्मयी म्हणाली.

मृण्मयी नेदरलँड्समधल्या युट्रेख्टच्या विद्यापीठात एका कम्युनिस्ट देशातल्या प्रांतिक निवडणुकांवर संशोधन करत होती. तिथे पक्ष एकच, मतपत्रिकेवर नावही एकच. कोरी पत्रिका घडी करून पेटीत टाकली की 'हो'. 'नाही' म्हणायचं तर पडद्याआड जाऊन नावावर रेघ मारायची, आणि पडद्याआड कोण गेलं हे सगळा गाव बघणार. निकाल लागला शंभर टक्के. पण मोजणीवरच्या एका शिक्षिकेनं रेघा मारलेल्या एक्केचाळीस पत्रिका देशाबाहेर काढल्या. उद्याच्या व्याख्यानात मृण्मयी त्या दाखवणार होती. आज कॉफीच्या सुट्टीत कपाटातून त्यांचं पाकीटच गायब.

"पत्रिकांच्या मागे क्रमांक आहेत. आज कापणार होते. मतदारयादीशी जुळवले, तर एक्केचाळीस घरांत माणसं उचलली जातील."

"वहिनी, पोलीस?" आयटीतल्या नोकरीतून सुट्टी टाकून आलेल्या शामलाच्या दिरानं, श्रीधरनं विचारलं.

"बोलवा. पण तोवर कोणी जिना उतरता कामा नये, भावजी."

चौकशीला आधी योस्ट आला, सहसंशोधक, पक्का डच. "मी कॉफीच पीत होतो. बिस्कीट एकच मिळालं, तेही विचारा."

मग दुभाषी इलेना. "मी तिथलीच. बारा वर्षांपूर्वी पळून आले. संशय माझ्यावरच, ना?"

शेवटी विक्टर. सायकलची पिशवी मांडीवर घेऊनच बसला. "माझा जन्म इथलाच, टिलबर्गचा. मी फक्त संगणकात आकडे भरतो. तिथली निवडणूक कशी होते, मतपत्रिका कशी दिसते, काही ठाऊक नाही."

"इलेनाच," श्रीधर कुजबुजला.

"भावजी, निकाल मोजणीनंतर लावतात."

शामलानं तिघांना एकेक चिठ्ठी दिली. तिच्यावर एकच ओळ : 'व्याख्यान उद्याच व्हावं.' टेबलावर लाल पेन्सिल आणि बिस्किटांचा रिकामा डबा.

"मत द्या."

"रंगवायचा गोल कुठाय?" योस्ट कुरकुरला. शेवटी स्वतःच गोल काढून त्यानं लाल केला. इलेनानं मोठ्ठ्या अक्षरांत 'हो' लिहिलं. विक्टरनं चिठ्ठीची घडी घालून ती डब्यात टाकली.

"विक्टर, तुमचं मत?"

"हो! व्याख्यान व्हायलाच हवं."

शामलानं चिठ्ठी उलगडली. कोरी.

"योस्टला गोल हवा होता, कारण इथे लाल पेन्सिलनं गोल रंगवल्याशिवाय मत होत नाही. टिलबर्गचा माणूसही पेन्सिल उचलेल. कोरा कागद म्हणजे 'हो', हे फक्त तिथलं गणित. आणि तुम्हाला तर तिथलं काहीच ठाऊक नव्हतं. खोटं बोलायची गरज चोरालाच. शिवाय कॉफीपासून तुम्ही ती पिशवी खाली ठेवलेली नाही."

"पण इलेनाही तिथलीच!" श्रीधर म्हणाला.

"कोरा कागद मी पुन्हा कधीच टाकणार नाही," इलेना म्हणाली. "सीमा ओलांडली तेव्हाच ठरवलं."

विक्टरनं पिशवी उघडली. पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "आई तिथे आहे. तिला पेन्शन हवी असेल तर पत्रिका आणा, असं पक्षाचे लोक म्हणाले."

मृण्मयीनं पत्रिका मोजल्या. एक्केचाळीस.

इलेनानं कात्री घेतली आणि एकेक क्रमांक कापू लागली. "आकडे जाळायचे. रेघा पडद्यावर दाखवायच्या. हव्या तेवढ्या मोठ्या करून."

शामलानं विक्टरची चिठ्ठी त्याच्यापुढे सरकवली, वर लाल पेन्सिल ठेवली.

"पोलीस येईपर्यंत वेळ आहे. आता खरं मत द्या."

विक्टर चिठ्ठी आणि पेन्सिल घेऊन उठला. सगळ्यांच्या देखत कपाटाच्या दाराआड गेला.